आजीचा प्रश्न आणि कांद्यातले आयन



या आठवड्यात निफाड तालुक्यातल्या एका सहावीतल्या मुलीचं पत्र समोर घेऊन बसले आहे. अक्षर छान, आणि प्रश्न त्याहून छान. ती लिहिते :

"बाई, लासलगावला कांद्यावर किरण सोडायचं केंद्र आहे ना? बाबा म्हणतात, चाळीतल्या कांद्याला कोंब येऊन नुकसान होतं, एकदा थोडा माल तिथे देऊन बघू. आजी म्हणते, किरण मारलेला कांदा मी घरात येऊ देणार नाही. आणि विकणार असाल तर तो दुसऱ्याच्या पोराबाळांच्या पोटात घालायचा का? दादा अकरावीला आहे. तो म्हणाला, त्या किरणांना आयनीकारक किरण म्हणतात, ते अणूंचे आयन करतात. हे ऐकून आजी आणखीनच घाबरली. आता रोज जेवताना वाद होतो. खरं कोणाचं?"

आजींचा प्रश्न मला फार आवडला. दुसऱ्याच्या पोराबाळांचा विचार करणारी माणसं गावात असावीत. तेव्हा "काही होत नाही हो आजी" असं म्हणून मी पत्र बाजूला ठेवणार नाही. आजी घाबरल्या त्या 'आयन' या शब्दाला. म्हणून आधी तो शब्द सोलून पाहू, कांद्यासारखाच.

घरातला मिठाचा डबा उघडा. चिमूटभर मीठ तळहातावर घ्या. तुमच्या तळहातावर आयनच आयन आहेत, त्याशिवाय जवळजवळ दुसरं काही नाही! आज सकाळी पोह्यांतून तुम्ही ते खाल्लेही.

अणूची रचना मोठ्या मुलांना माहीत आहे, लहानांसाठी पुन्हा सांगते. अणूच्या मधोमध असतं केंद्रक. त्यात प्रोटॉन असतात, प्रत्येकावर एक धनप्रभार. केंद्रकाच्या बाहेर असतात इलेक्ट्रॉन, प्रत्येकावर एक ऋणप्रभार. जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन, म्हणून जमा-खर्च जुळतो आणि शिल्लक शून्य. (केंद्रकात न्यूट्रॉनही असतात. त्यांच्यावर प्रभार नसतो, म्हणून हिशेबात ते येत नाहीत. पण विसरू नका, शेवटी त्यांचं काम आहे.)

सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन. त्यातला सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन एकटाच असतो आणि जरा सैल असतो. क्लोरिनच्या अणूत १७ आणि १७. त्याच्या बाहेरच्या कक्षेत बरोबर एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी. दोघं भेटले की सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो. आता मोजा. सोडिअमकडे ११ प्रोटॉन, पण इलेक्ट्रॉन १०. एक धनप्रभार शिल्लक. क्लोरिनकडे १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन. एक ऋणप्रभार जास्त. ज्याचा हिशेब असा जुळत नाही, जो एखादा प्रभार अंगावर घेऊन फिरतो, तो आयन. बस्स, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मायकेल फॅरडे यांनी १८३४ साली हा शब्द वापरात आणला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जाणारा'. पाण्यात विजेची दोन टोकं बुडवली की हे कण एकेका टोकाकडे जायला निघतात, म्हणून.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा, पुढे लागणार आहे. या सगळ्या देवघेवीत केंद्रकाला कोणी हातही लावला नाही. सोडिअमचे ११ प्रोटॉन होते, ते ११च राहिले. गेला तो बाहेरचा एक इलेक्ट्रॉन.

पण एवढ्याशा फरकाने स्वभाव किती बदलतो पाहा. सोडिअम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर तडतडत पेट घेतो. क्लोरिन हा विषारी वायू. आणि दोघांचे आयन आपण वरणात घालतो. स्वीडनमध्ये स्वांते अऱ्हेनिअस नावाच्या तरुणाने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडलं, की मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे प्रभारित कण सुटे होतात, वीज सोडा किंवा न सोडा. त्याच्या परीक्षकांना ते काही पटेना. त्यांनी त्याला कसाबसा पास केला, अगदी खालच्या श्रेणीत! पुढे १९०३ साली याच कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. परीक्षेत कमी गुण मिळालेल्यांनी ही गोष्ट घरी जरूर सांगावी. मात्र अभ्यास न करता कमी मिळाले असतील तर सांगू नये.

आता आयन होण्याचा दुसरा रस्ता. हा लिंबातून जातो.

हायड्रोजनचा अणू सगळ्यात लहान. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, संपलं. त्याचा तो एक इलेक्ट्रॉन गेला, तर मागे काय उरेल? नुसता प्रोटॉन. म्हणून पुस्तकात एका पानावर 'हायड्रोजन आयन' आणि दुसऱ्या पानावर 'प्रोटॉन' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, एकाच गड्याची ती दोन नावं आहेत.

हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. (घ्या म्हणजे मनात घ्या. संडास धुण्याच्या बाटलीला हात लावायचा नाही. आणि मोठ्यांनीही ते अॅसिड ब्लीचिंग पावडरमध्ये कधी मिसळू नये, त्यातून तोच विषारी क्लोरिन बाहेर पडतो.) त्याच्या रेणूत हायड्रोजन आणि क्लोरिन दोन इलेक्ट्रॉन वाटून वापरतात. एक याचा, एक त्याचा. पावसात दोघं एका छत्रीतून चालले आहेत असं समजा, छत्री दोघांनी वर्गणी काढून घेतलेली. पण क्लोरिन दांडगा, छत्री सारखी आपल्याकडे ओढतो. हायड्रोजन अर्धा भिजतो. अशात हा रेणू पाण्यात पडला. पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या जास्तीच्या जोड्या आहेत, म्हणजे एक छत्री मोकळी आहे. तो म्हणतो, ये माझ्याकडे. हायड्रोजन निघतो, पण वर्गणी परत मिळत नाही. त्याचा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडेच राहतो आणि हायड्रोजन नुसता प्रोटॉन होऊन पाण्याच्या छत्रीत शिरतो. क्लोरिनचा झाला ऋण आयन. पाण्याच्या रेणूला एक प्रोटॉन जास्त मिळाला, त्याचा झाला धन आयन, त्याला हायड्रोनियम म्हणतात.

कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लॉरी यांनी १९२३ साली, एकमेकांना न विचारता, हीच व्याख्या केली : प्रोटॉन देतं ते आम्ल, प्रोटॉन घेतं ते आम्लारी. मला ही व्याख्या फार आवडते, कारण तिच्यात देणारा आला की घेणारा आलाच.

एखादा चौकस वाचक आता हात वर करील. "बाई, तुम्ही म्हणालात केंद्रकाला हात लागत नाही. मग आम्लातून प्रोटॉन कसा जातो? प्रोटॉन तर केंद्रकातच असतो!" शाब्बास. पण नीट बघा. क्लोरिनच्या केंद्रकातले १७ प्रोटॉन जागच्या जागी आहेत. हायड्रोजनचं केंद्रकच मुळी एका प्रोटॉनचं, ते आख्खंच्या आख्खं एका घरून दुसऱ्या घरी गेलं. फुटलं कुठलंच नाही.

सगळी आम्लं सारखी उदार नसतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात प्रोटॉन देऊन टाकतात. चायनीजच्या गाडीवर जे व्हिनेगर असतं, त्यातल्या अॅसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी एका वेळी जेमतेम चार-पाच रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो, बाकीचे धरून बसलेले. म्हणून ते जेवणात चालतं. लिंबातल्या सायट्रिक आम्लाकडे देण्याजोगे तीन प्रोटॉन असतात. पहिला थोडा सहज सुटतो, दुसरा त्याहून कष्टाने, तिसरा आणखी. आणि अगदी शुद्ध पाणीसुद्धा आपसात ही देवघेव करतं. सुमारे साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक रेणू आपला प्रोटॉन शेजाऱ्याला देऊन बसलेला असतो. म्हणजे पाण्याच्या थेंबातही आयन आहेत, अगदी विहिरीतून काढल्या काढल्या.

आता हे डोळ्यांनी बघायचं. लासलगावात राहून कांद्याशिवाय प्रयोग करायचा म्हणजे शोभणार नाही!

गडद रंगाचा लाल कांदा घ्या. उन्हाळ कांदा फिका असतो, त्याचा रंग नीट उतरत नाही. बाहेरची अगदी वाळकी साल टाकून द्या, ती पाण्याला पिवळसर तपकिरी करते. आतल्या रसदार पाकळ्यांवरचा जांभळा पापुद्रा तेवढा सोलून घ्या, बारीक चिरा आणि आईला किंवा बाबांना त्यावर अर्धा पेला उकळतं पाणी ओतायला सांगा. दहा मिनिटांनी गाळा. फिकट गुलाबी-जांभळं पाणी मिळेल. ते तीन काचेच्या पेल्यांत वाटा. स्टीलच्या वाटीत रंग कळत नाही. पहिल्या पेल्यात लिंबू पिळा. दुसरा तसाच ठेवा. तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका.

पहिला पेला लख्ख गुलाबी होईल. हॉटेलात लिंबू पिळून ठेवलेला कांदा गुलाबी दिसतो ना, तोच हा रंग. तिसरा पेला निळसर हिरवट होईल. धुण्याचा सोडा टाकलात तर हिरवा होऊन पुढे पिवळा पडेल (तो सोडा हाताला चोळू नका आणि चव तर कशाचीच घेऊ नका). खाण्याच्या सोड्याच्या पेल्यात लगेच लिंबू पिळलंत तर फसफसेल आणि गुलाबी रंग परत येईल. पिवळं पडलेलं पाणी मात्र बहुधा परत येत नाही, कारण तिथे रंगाचा रेणूच मोडलेला असतो. तेव्हा गप्पा मारत बसू नका, हात चालवा.

झालं काय? कांद्याचा रंग म्हणजे अँथोसायनिन नावाचा पदार्थ. लिंबाच्या पाण्यात त्याच्या रेणूवर एक प्रोटॉन जास्तीचा बसलेला असतो. तो स्वतःच धन आयन असतो, आणि गुलाबी-लाल दिसतो. सोडा आला की तो प्रोटॉन काढून घेतो. प्रोटॉन गेला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, मांडणी बदलली की रंग बदलतो. म्हणजे प्रोटॉन गेलेला तुम्ही प्रत्यक्ष पाहिलात! पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तिथेही हेच घडतं. हळदीतलं कर्क्युमिन आपला प्रोटॉन साबणाच्या पाण्याला देतं. आणि हळदीत चुना घालून पूर्वी कुंकू करत, तेही याच जोरावर. हे आजींना विचारा, त्या तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

तर इतकं लक्षात आलं, की आयन मिठात आहेत, लिंबात आहेत, विहिरीच्या पाण्यात आहेत. 'आयन' ऐकून घाबरायचं कारण नाही. पण दादाने सांगितलेला शब्द होता आयनीकारक किरण, आणि तिथे मात्र थोडं जपून बोलायला हवं. मिठात इलेक्ट्रॉन राजीखुशीने गेला. इथे तो फटका मारून काढला जातो.

लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली 'कृषक' हे केंद्र उभं केलं. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, याचं हे छोटं नाव. तिथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण वापरतात. अशा केंद्रात कोबाल्ट पोलादी नळ्यांत पक्का बंद केलेला असतो. कांद्याची खोकी जाड काँक्रीटच्या भिंतीआड, त्या नळ्यांसमोरून, ठरलेला वेळ फिरतात आणि बाहेर येतात. कोबाल्टचा कणही कांद्याला शिवत नाही. शिवतात ते फक्त किरण.

या किरणांचा जोर किती? अणूंच्या जगात ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या एका कणात दोन-तीन असतात, म्हणून दिव्याखाली बसून कोणाचे आयन होत नाहीत. मायक्रोवेव्ह भट्टी आणि मोबाइल फोनच्या लहरींत तर एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे लाखाव्या भागाइतकीच ऊर्जा असते. आणि कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत? ११ लाख ७० हजार आणि १३ लाख ३० हजार! हायड्रोजनला लागते त्याच्या जवळजवळ लाख पट. असा एक किरण कांद्यात शिरला की वाटेत अनेक इलेक्ट्रॉन उधळत जातो.

कांद्यात सर्वात जास्त काय असतं? पाणी. म्हणून सर्वात जास्त फटके पाण्यालाच बसतात. पाण्याच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडाला, की तो रेणू धन आयन होतो. आणि आता मजा बघा. हा नवा आयन स्वतः एक जबरदस्त आम्ल असतो! तो क्षणात आपला एक प्रोटॉन शेजारच्या पाण्याच्या रेणूला देऊन टाकतो. लिंबात जे घडलं तेच. फक्त वेग भयंकर. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग उचला, त्याचे पुन्हा वीस तुकडे करा. त्यातल्या साधारण एका तुकड्याएवढ्या वेळात प्रोटॉन दुसऱ्या घरी गेलेला असतो. २०२० साली शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीने हे मोजल्याचं प्रसिद्ध झालं. हे वाचलं तेव्हा मी दोनदा चष्मा पुसला.

प्रोटॉन देऊन झाल्यावर मागे उरतो एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असा तुटका तुकडा. त्याला हायड्रॉक्सिल म्हणतात. हा फार चिडका. जो समोर येईल त्याच्यावर धावतो. कांद्याच्या अगदी आत, पाकळ्यांच्या पोटात, कोंबाचा जो बारीक डोळा असतो, तिथल्या पेशींमधल्या डीएनएवर असे घाव बसतात. काही घाव किरण स्वतःच घालतात. कोंब येणं म्हणजे पेशींनी एकाच्या दोन, दोनाच्या चार होणं. डीएनए मोडला की पेशींना ते जमत नाही. कोंब थांबला. इतर पाकळ्यांना वाढायचंच नसतं, त्यांचं फारसं बिघडत नाही.

यासाठी लागणारी मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे. ग्रे म्हणजे एका किलोला एक ज्यूल ऊर्जा. ९० ग्रेमध्ये कांदा किती तापतो, तर एका अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा! तुम्ही तळहातावर धरला तरी यापेक्षा जास्त तापेल. पण हेही सांगायला हवं, की माणसाच्या सगळ्या अंगावर चार-पाच ग्रे एकदम पडले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या जाड भिंती, म्हणून आत माणूस असताना नळ्या वर येत नाहीत अशी कुलुपं. आजींची भीती अगदीच हवेतली नाही. फक्त ती भीती त्या खोलीत उभं राहण्याची असावी, कांदा खाण्याची नको.

का नको? आता मघाची पक्की केलेली गोष्ट काढा. वस्तू किरणोत्सर्गी व्हायची असेल तर तिच्या अणूंची केंद्रकं बिघडावी लागतात. इलेक्ट्रॉन उडून भागत नाही. गॅमा किरणाने केंद्रकातून न्यूट्रॉन बाहेर काढायचा तर, सगळ्यात सैल न्यूट्रॉन ज्याचा, त्या बेरिलियमलासुद्धा १६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त लागतात. कांद्यातल्या कार्बन, ऑक्सिजनला त्याच्या कितीतरी पट. आपल्या किरणाची धाव १३ लाख ३० हजारांवर संपते. म्हणजे तो अंगणातली भांडी उधळेल, पण वाड्याचं दार काही त्याच्याने उघडत नाही.

दार उघडायला काय लागतं हे बघायचं तर कोबाल्टचीच कथा पाहा. खाणीतला साधा कोबाल्ट-५९ किरणोत्सर्गी नसतो. राजस्थानातल्या रावतभाट्याला अणुभट्टीत त्याला ठेवतात. तिथे त्याच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन शिरतो, आणि तेव्हा कुठे तो कोबाल्ट-६० होतो. 'कृषक'मध्ये कांद्यावर न्यूट्रॉन पडतच नाहीत. हात मोडल्यावर तुमचा एक्स-रे काढतात, तेही आयनीकारकच किरण. पण घरी आल्यावर प्लॅस्टरमधून कधी किरण निघाले का? तसंच हे.

मग कांद्यात उरतं काय? आयन उरत नाहीत, त्यांचे पुन्हा पाण्याचे रेणू होऊन जातात. थोडेसे रेणू बदललेले राहतात. फोडणीत परतल्यावर तर याहून कितीतरी जास्त बदलतात, घरभर वास सुटतो तो त्याचाच. अन्न आणि शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या तज्ज्ञांनी १९८० साली एकत्र बसून सांगितलं, की १० हजार ग्रेपर्यंत मात्रा दिलेल्या अन्नापासून विषाचा धोका नाही. कांद्याला लागतात नव्वद. भारतात कांदा, बटाटा आणि मसाल्यांसाठी १९९४ साली परवानगी मिळाली. २००७ साली आपला आंबा अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला, तो लासलगावच्या याच केंद्रात ४०० ग्रे घेऊन. आंब्यातल्या किडीला पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून ही मात्रा जास्त.

आजींना आणखी एक सांगा. किरण दिलेल्या मालाच्या पाकिटावर तसं छापावं लागतं. तुटक वर्तुळात दोन पानं आणि वर एक गोल ठिपका, असं हिरवं फुलासारखं चिन्ह असतं. वाचून ज्याला नको त्याने घेऊ नये. न सांगता कोणाच्या पोटात घालायचा प्रश्नच येत नाही.

आता बाबांकडे वळू, कारण त्यांचाही एक समज थोडा दुरुस्त करायला हवा. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. बुरशी लागलेला कांदा किरण देऊनही सडणारच, त्या बुरशीला मारायला ९० ग्रे पुरत नाहीत. चाळीत वाळून वजन घटतं, तेही घटणार. शिवाय काढणी झाल्यावर कांदा काही आठवडे झोपलेला असतो. किरण द्यायचे ते या झोपेतच. आतून कोंब हलायला लागल्यावर नेला तर उपयोग कमी. म्हणजे मार्च-एप्रिल-मेमध्ये काढलेला उन्हाळ कांदा दिवाळीच्या आधी आठवण झाली म्हणून नेऊन चालत नाही. तो आधीच निवडून, वाळवून, लवकर न्यायला हवा, आणि त्यानंतरही हवेशीर चाळ किंवा थंड गोदाम लागतंच. ने-आण आणि मोल द्यावं लागतं ते वेगळं. भाव कोसळलेल्या वर्षी हा खर्च अंगावर येतो, म्हणूनच इतकी वर्षं केंद्र असूनही आपल्याकडचा बहुतेक कांदा अजून चाळीतच राहतो. आणि हो, बियाण्यासाठी ठेवायचे कांदे चुकूनही त्या खोक्यांत घालू नका. त्यांना कोंबच येणार नाही, तर डोंगळे कुठून येणार?

पत्राच्या शेवटी त्या मुलीने एक छोटा प्रश्न विचारला आहे : "किरण संपतात का?" संपत आले की नळ्या बदलाव्या लागतात. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, उरलेला निकेल होऊन बसतो. याचं एक गणित मोठ्या मुलांना देते. समजा २००२ साली कुठे तरी कोबाल्टचे १००० भाग ठेवले आणि नंतर भर घातलीच नाही. २०२३ च्या सुमारास किती भाग उरले असतील? आणि तेवढ्याच कांद्याला तेवढीच मात्रा द्यायला तेव्हा किती पट वेळ लागला असता? उत्तर रीतीसह पाठवा. लहान मुलांनी तीन पेल्यांचे रंग वहीत रंगवून पाठवावेत, आणि सोड्याऐवजी चुन्याची निवळी, पापडखाराचं पाणी किंवा चिंचेचं पाणी घालून काय दिसलं तेही लिहावं. निवळीला मोठ्यांचा हात लागू दे.

तुमच्या बाई